त्यांनी काढलेला खेळाडू आपण घ्यावा का?

सीझन संपता संपता नागपुरात ऊन आणि अफवा दोन्ही एकदमच तापतात. कामठीच्या एका फुटबॉल क्लबनं आपला स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा पुढचा खेळाडू, सोडला, अशी बातमी मोतीबागच्या मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर पोचते आणि दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "अबे, फुकटात भेटून राहिला तर घ्या ना!" दुसरा म्हणतो, "त्याहीनं काढला म्हंजे काहीतरी असनच." दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही निम्मंच बोलत असतात. ते "काहीतरी" नेमकं काय, हे शोधायला दोन आठवडे लागतात. खर्च म्हणाल तर चहाचाच.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: घ्यावा. पण ज्या कारणानं त्यांनी काढला, ते कारण आपल्याकडे आल्यावर लागू पडत नसेल तरच. खेळाडू चांगला आहे का, हा प्रश्न इथे दुसऱ्या नंबरचा आहे. दोन वर्षं त्यानं आपल्याच बॅकच्या, म्हणजे बचाव सांभाळणाऱ्यांच्या, नाकी नऊ आणले, म्हणून तर त्याचं नाव निघालं.

एक कारण मात्र सुरुवातीलाच बाद करा, ते म्हणजे खुन्नस. "त्यांना दाखवून देऊ" म्हणून घेतलेला खेळाडू त्या एका मॅचपुरता असतो. बाकीच्या मॅचमध्ये त्याला कुठे उभा करायचा, हे कोणी ठरवलेलंच नसतं. मग तो बाकावर बसतो, आपला जुना स्ट्रायकर तोंड फुगवून बसतो आणि डिसेंबरपर्यंत दोघंही कामातून जातात.

इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लोचा दाखला सगळे देतात. २०११ मध्ये एसी मिलाननं त्याला फुकटात जाऊ दिलं. तिशी ओलांडलेल्यांना एकेकच वर्षाचा करार द्यायचा, असं तेव्हा मिलानचं धोरण होतं. पिर्लो नुकताच ३२ चा झालेला, त्याला जास्त वर्षं हवी होती. युव्हेंटसनं तीन वर्षं दिली. पहिल्याच सीझनला युव्हेंटस ३८ मॅचमध्ये एकही न हरता चॅम्पियन झालं, मिलान दुसरं आलं, आणि पिर्लो तिथे होता ती चारही वर्षं लीग युव्हेंटसनंच मारली. त्याआधी २००१ मध्ये हाच पिर्लो मिलान शहरातल्याच इंटर क्लबनं एसी मिलानला देऊन टाकला होता. म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांनी एकच माणूस हातचा घालवला. मोठ्या क्लबांचे सेक्रेटरीही आपल्यासारखेच असतात, हे कळलं की जरा बरं वाटतं.

पण त्याच्या शेजारी ब्राझीलचा विंगर विलियनचा दाखला ठेवा, तो फारसा कोणी देत नाही. २०२० मध्ये चेल्सी त्याला दोन वर्षं द्यायला तयार होतं, त्याला तीन हवी होती. आर्सेनलनं तीन दिली. सुटण्याचं कारण पिर्लोचंच, वयही तेच, नुकतीच ३२ पूर्ण. पण अख्ख्या लीगमध्ये गोल केला एक, आणि दोन वर्षं शिल्लक असताना करार आपसात मोडावा लागला. पुढे फुलहॅमकडून तो पुन्हा बरा खेळला, म्हणजे पाय संपले होते असंही नाही. युव्हेंटसनं पिर्लोच्या दोन्ही बाजूंना मार्किझिओ आणि विदालसारखे पळणारे ठेवले, चेंडू त्याच्याकडूनच पुढे जाईल अशी मांडणी केली आणि त्याच्या वाट्याची धाव दुसऱ्यांना वाटून दिली. आर्सेनलनं विलियन घेतला तेव्हा अशी कुठली जागा त्याच्यासाठी आखलेली दिसली नाही.

आपल्या देशातलं उदाहरण याहून बोलकं आहे. नायजेरियाचा स्ट्रायकर बार्थोलोम्यू ओगबेचे २०१९-२० मध्ये केरला ब्लास्टर्सकडून १५ गोल करून बाहेर पडला आणि मुंबई सिटीकडे आला. २०२०-२१ मध्ये मुंबईनं साखळीत पहिलं आल्याची लीग शील्ड आणि इंडियन सुपर लीगची (आयएसएल) ट्रॉफी दोन्ही उचलल्या, पण तिथे त्याची जागा अ‍ॅडम ल फाँड्रसोबत वाटलेली होती; गोल झाले आठ. मुंबईनं त्याला ठेवलं नाही. हैदराबादनं घेतला तेव्हा तो ३७ ला टेकलेला. त्या सीझनला त्यानं १८ गोल केले, सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेतला आणि मार्च २०२२ च्या फायनलमध्ये हैदराबादनं केरला ब्लास्टर्सलाच पेनल्टीवर हरवलं. आठाचे अठरा झाले ते वयानं नाही. बॉक्समधली जागा त्याच्या एकट्याची झाली म्हणून.

आता आपल्या पातळीवर या. जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळाडू सुटण्याची कारणं मोजकीच असतात, पण बाहेर येताना ती सगळी एकाच वाक्यात येतात: "शिस्त नाही." या दोन शब्दांखाली काय काय झाकलेलं असतं, ते उलगडून बघावंच लागतं. पोट्टा बुटीबोरीला किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत लागलेला असतो, शिफ्ट बदलली की संध्याकाळची प्रॅक्टिस बुडते. ही बेशिस्त नाही, हे वेळापत्रक आहे. आपण सकाळी सहाला प्रॅक्टिस घेत असू आणि त्याची शिफ्ट दुपारची असेल, तर त्यांची अडचण आपल्याकडे उरतच नाही. दुसरा प्रकार: मागच्या दोन महिन्यांचे पैसे थकले, त्यानं मागितले, कमिटीला राग आला. तिसरा: तो रविवारी दुसऱ्या गावच्या सेव्हन-अ-साइड टूर्नामेंटमध्ये पैसे घेऊन खेळतो आणि सोमवारी लंगडत येतो. चौथा: कोचनं बदली केलं की जर्सी फेकतो. या चारांत पहिल्या दोघांना डोळे मिटून घ्या. तिसऱ्याशी लेखी बोला. चौथ्याला तुमच्या कॅप्टनसमोर बसवा आणि कॅप्टनचा चेहरा बघा.

शिस्तीपलीकडची कारणं तुलनेनं सरळ आहेत. नवा कोच आला आणि पद्धत बदलली. यादी भरली. रेल्वे-पोलिसांसारख्या खात्याच्या टीममधून नाव वगळलं गेलं, पण नोकरी तिथेच आहे; असा खेळाडू घेताना खात्याचं परवानगीचं पत्र आधी हातात घ्या, नाहीतर ऐन मॅचच्या दिवशी त्याची ड्यूटी लागते. आणि दुखापत. दुखापत कोणीच सांगत नाही, क्लबही नाही आणि खेळाडूही नाही.

विचारायचं कुणाला? त्यांच्या कोचला नाही आणि सेक्रेटरीला तर नाहीच. कोचनं स्वतः काढलाय, तो स्वतःला चूक ठरवणार नाही. तीन माणसं खरं सांगतात. त्यांचा किट सांभाळणारा, कारण कोण कधी येतो आणि कोणाच्या मांडीला रोज पट्टी असते हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या शेजारी खेळलेला मिडफिल्डर. आणि रेफ्री. रेफ्रीला "कसा आहे?" असं विचारू नका, "चांगला आहे" एवढंच ऐकू येईल. "शिटी वाजल्यावर काय करतो?" असं विचारा. मिडफिल्डरला विचारा, "पास चुकला की हात वर करतो का, की मागे पळतो?" किटवाल्याला विचारा, "शेवटच्या दहा प्रॅक्टिसपैकी कितींना वेळेवर होता?" आकडा मागितला की माणूस आठवायला लागतो. मत मागितलं की टपरीवर ऐकलेलंच परत सांगतो.

मग गोल. "नऊ गोल मारलेत" हे वाक्य ऐकलं की आधी मिनिटं विचारा. ९ गोल १,३५० मिनिटांत म्हणजे पंधरा पूर्ण मॅच, दर ९० मिनिटांना ०.६. दुसऱ्याचे ६ गोल ५४० मिनिटांत, म्हणजे सहा मॅचइतका वेळ, दर ९० ला १. हा दुसरा सरस वाटतो. पण त्याच्या सहात तीन पेनल्टी असतील तर त्या वजा केल्यावर तो ०.५ वर येतो आणि पहिल्याच्या मागे पडतो. शिवाय तळाच्या टीमला ७-० मारताना त्यात त्याचे किती होते, तेही बघा. एवढ्या थोड्या मॅचवरून कुणाची पक्की किंमत ठरत नाही. खोटा भाव मात्र उघडा पडतो. स्कोअरशीट मिळत नसेल तर त्यांच्या क्लबचे फेसबुकवरचे फोटो आणि पोस्ट तारखेनुसार लावा, कोण सुरुवातीला उतरला आणि कोण नंतर, हे बरंचसं कळतं.

यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट कुठल्याच शीटवर नसते, ती मोबाइलवर घ्यावी लागते. त्याच्या एखाद्या मॅचची वीस मिनिटं स्टँडच्या वरच्या पायरीवरून शूट करा, फोन आडवा, आणि कॅमेरा चेंडूवर नाही तर त्याच्यावर. यशवंत स्टेडियमसारखं स्टँड असलं तर काम सोपं. सपाट मैदानावर कॉर्नरच्या झेंड्यामागे टेम्पोवर चढा. घरी येऊन कागदावर तीन खुणा करत बघा. त्याच्याकडून चेंडू किती वेळा सुटला, आणि सुटल्यावर पहिल्या पाच सेकंदांत तो पळाला की उभा राहिला. चेंडू येण्याआधी त्यानं खांद्यावरून मागे पाहिलं का. आणि पहिला टच गोलकडे गेला की स्वतःच्या गोलकडे. समजा चेंडू आठ वेळा सुटला आणि त्यातल्या सहा वेळा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्यांचा नवा कोच वरूनच प्रेस करायला, म्हणजे चेंडू गेला की लगेच समोरच्याच्या अंगावर धावायला लावणारा असेल, तर काढल्याचं कारण तुम्हाला सापडलं. आता स्वतःकडे बघा. तुम्ही मागे बसून लांब चेंडू टाकणारी टीम असाल, तर त्या सहा वेळांचं तुम्हाला काहीच वाटणार नाही. पण तुम्हीही याच वर्षी वर चढून प्रेस करायचं ठरवलं असेल, तर दुसऱ्याची डोकेदुखी भाड्यानं आणू नका.

शरीराची तपासणी सहीच्या आधी करायची, नंतर नाही. यामागे नियमही आहे: व्यावसायिक करार "मेडिकल पास झाला तर" अशा अटीवर बांधता येत नाही, फिफाच्या ट्रान्सफर नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. सही झाली म्हणजे झाली. त्यामुळे गुडघा आधी बघा.

जिल्ह्याच्या क्लबाला एमआरआय परवडत नाही, पण मोजपट्टी परवडते. जमिनीवर टेप लावा. खेळाडू एका पायावर उभा, त्याच पायावर उडी, त्याच पायावर उतरून दोन सेकंद स्थिर. डगमगला तर उडी बाद. प्रत्येक पायाच्या तीन उड्या, सर्वांत लांब धरा. डावा १५० सेंटीमीटर आणि उजवा १२८ आला, तर उजवा डाव्याच्या ८५ टक्के झाला. ९० टक्क्यांच्या खाली असेल तर तो पाय अजून तयार नाही, मग खेळाडू काहीही म्हणो. उडीच्या लांबीइतकंच उतरताना गुडघा आत झुकतो का ते बघा. समोरून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं की लगेच दिसतं. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचं ऑपरेशन झालेलं असेल तर तारीख विचारा, महिने मोजा. नऊ महिन्यांच्या आत परतलेल्याला पुन्हा तीच दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि "सहा महिन्यांत फिट झालो" असं अभिमानानं सांगणारे आपल्याकडे भरपूर आहेत.

घोट्यासाठी भिंत पुरे. अनवाणी उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती लांब नेता येतो ते मोजायचं. दोन पायांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर जुना मुरगळा नीट भरलेला नाही. हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचं, मात्र मोजून फारसं भागत नाही. तिथे इतिहासच विचारावा लागतो. एकदा ताणलेली हॅमस्ट्रिंग हीच पुढच्या वेळची सगळ्यात मोठी खूण. एका सीझनमध्ये तीच मांडी दोनदा गेली असेल, तर त्याला विंगवर घेऊ नका, आणि घेतलाच तर पूर्ण ९० मिनिटांचा हिशेब धरू नका.

ट्रायलमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो घाईमुळे. काढलेला खेळाडू पाच-सहा आठवडे घरी बसलेला असतो. त्याला आपण मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, संध्याकाळी पाचला बोलावतो आणि पहिल्याच दिवशी स्प्रिंट लावतो. मांडी धरून बसतो बिचारा, आणि आपण म्हणतो, बरं झालं कळलं. काहीच कळलेलं नसतं. उन्हाची सवय मोडलेली असेल तर ती परत लागायला दहा ते चौदा दिवस जातात. म्हणून ट्रायल दोन आठवड्यांची, पाच सत्रांची, सकाळी सहाची ठेवा. पहिल्या दिवशी फक्त रोंडो (वर्तुळात पास, मधल्यानं चेंडू अडवायचा) आणि हलकं पळणं. दुसऱ्या दिवशी उड्या, घोटा, आणि चेंडूचं काम. तिसऱ्या सत्राला यो-यो टेस्ट: २० मीटर जाणं-येणं, मध्ये दहा सेकंद चालत विश्रांती, वेग ताशी १० किलोमीटरपासून वाढत जातो. ऑडिओ फोनवर मिळतो, ब्लूटूथ स्पीकर मात्र मोठा घ्या. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बीप ऐकू आला नाही की अख्खी टेस्ट वाया. चौथ्याला ३० मीटरच्या सहा धावा, प्रत्येकीमध्ये २५ सेकंद. पहिल्या आणि सहाव्या वेळेतला फरक लिहून ठेवा. सर्वांत वेगवान धाव किती सेकंदांची, याला आपल्याकडे फार भाव आहे. मला ती सहावी धाव जास्त सांगते, कारण ८० व्या मिनिटाला पळायचं ते त्याच पायांनी.

पाचवं सत्र मॅचचं: तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ, आणि समोर आपले नेहमीचे सेंटर बॅक. पहिल्या हाफमध्ये त्याला त्याच्या आवडत्या जागी ठेवा, दुसऱ्यात आपल्याला गरज आहे तिथे. आणि मुद्दाम एकदा त्याला बदली करून बाहेर काढा, वेळेच्या पंधरा मिनिटं आधी, कारण न सांगता. बाकावर बसून तो मॅच बघतो की फोन, एवढंच बघायचं. मैदानाचाही विचार करा. आपली काळी माती जुलैत बुटाला चिकटते आणि फेब्रुवारीत फरशीसारखी वाजते. एका ऋतूत ट्रायल घेऊन दुसऱ्यात खेळवायचं असेल, तर कुठले बूट आणलेत ते विचारा. एकच जोडी असेल तर दुसरी क्लबनं द्यावी, ती एमआरआयपेक्षा स्वस्त पडते. ट्रायलच्या काळात तो अजून आपला नोंदलेला खेळाडू नसतो, म्हणून दुखापत झाली तर खर्च कुणाचा हे एका कागदावर आधीच लिहून दोघांनी सही करा. आणि ट्रायलवरच्या माणसाला अधिकृत मॅचमध्ये दुसऱ्याच्या नावावर उतरवू नका. असं करून राहिले लोक, म्हणूनच लिहितो.

कागदपत्रांवर क्लब जितके हरतात तितके मैदानावर हरत नाहीत. आधी हे पक्कं करा की त्यांनी त्याला खरंच सोडलंय. "घरी बस" असं तोंडी सांगणं म्हणजे सोडणं नव्हे. तारीख, सही आणि शिक्का असलेलं रिलीज पत्र किंवा एनओसी हवी, आणि त्यात "कोणतीही देणी बाकी नाहीत" हे वाक्य दोन्ही बाजूंनी हवं. मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या (एआयएफएफ) केंद्रीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे आपण ज्याला सीआरएस म्हणतो तिथे, त्याचं नाव अजून जुन्या क्लबाखाली लटकलेलं नाही ना, ते बघा. लटकलेलं असेल तर जुन्या क्लबच्या लॉगिनवरून ते मोकळं करून घ्यावं लागतं, आणि तो लॉगिन ज्या पोट्ट्याकडे असतो तो नेमका पुण्याला नोकरीला गेलेला असतो. हे काम विंडो, म्हणजे खेळाडू नोंदवायची मुदत, बंद व्हायच्या आदल्या दिवशी काढू नका.

फिफाच्या नियमानुसार एका सीझनमध्ये खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत मॅच त्यातल्या दोनच क्लबांकडून खेळता येतात. सीझनच्या मध्यावर घेत असाल तर हे आधी मोजा. करार विंडो संपायच्या आधीच संपलेला व्यावसायिक खेळाडू विंडोनंतरही नोंदवता येतो, ही सवलत बऱ्याच जणांना माहीत नसते. उलट बाजूनं, व्यावसायिक म्हणून नोंदलेल्याला हौशी म्हणून परत नोंदवायचं असेल, तर त्याच्या शेवटच्या व्यावसायिक मॅचनंतर किमान ३० दिवस जावे लागतात. या सगळ्यावर आपल्या जिल्हा लीगचं त्या वर्षीचं परिपत्रक असतं, ते मुळापासून वाचा. मागच्या वर्षीचं वाचून विसंबू नका. आणि कार्डं तपासा. त्याच्यावर बंदी बाकी असेल तर ती त्याच्यासोबत आपल्याकडे येते, जुन्या क्लबातच राहून जात नाही. अपात्र खेळाडू उतरवला की समोरचा प्रोटेस्ट करतो आणि मैदानावर जिंकलेली मॅच टेबलावर ०-३ होते. प्रोटेस्ट करायला सगळ्यात आधी कोण टपलेलं असणार? ज्यांनी काढला तेच. त्यांना त्याची फाइल पाठ असते.

पैशाबद्दल थोडक्यात. उचल देऊ नका. समजा सीझनचे ४०,००० ठरले, तर आठ महिने दरमहा २,००० म्हणजे १६,०००, आणि उरलेले २४,००० सोळा मॅचमध्ये, मॅचला १,५०० प्रमाणे, किमान ४५ मिनिटं खेळल्यावर. गोलमागे बोनस लावू नका. तो लावला की शेजारी मोकळा उभा असलेला माणूस त्याला दिसेनासा होतो. करार एकाच सीझनचा, पुढच्या वर्षाचा पर्याय क्लबाकडे. सरावात किंवा मॅचमध्ये दुखापत झाली तर उपचार क्लबचा, आणि परगावच्या टूर्नामेंटमध्ये झाली तर त्याचा, हे वेगळ्या ओळीत लिहा.

त्याच्या जागेवर वर्षभर बाकावर बसलेला आपला एक पोरगा असतो, एकोणीस-वीसचा. नव्याशी बोलणी पक्की होण्याआधी त्याला बोलावून सांगा: तुझी मिनिटं किती होतील, कुठे होतील. त्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या फोटोवरून कळलं, तर पुढच्या वर्षी तो कामठीला गेलेला असेल आणि आपण त्याच्याबद्दल "शिस्त नव्हती" म्हणत असू. त्या फोटोखाली जुन्या क्लबला टोमणाही नको. पोस्टर लावायचं असेल तर लावा, पण "घरवापसी", "शेर आया" हे राहू द्या.

राहता राहिली जुन्या क्लबसोबतची मॅच. त्याच्याकडून त्यांची सगळी गुपितं काढायचा मोह होतो. दोनच गोष्टी विचारा: कॉर्नरला ते माणूस धरतात की जागा, आणि गोलकीपर कुठल्या बाजूला उशिरा पडतो. बाकी सगळं ते महिनाभरात बदलतात. उलट त्यांना त्याच्याबद्दल जे माहीत आहे ते बदलत नाही. कुठल्या पायावर ढकलला की तो अडतो, किती वेळा ऑफसाइड सापडतो, कशावरून चिडतो, हे सगळं त्यांच्याकडे आहे. २०२२ मध्ये एटीके मोहन बागाननं आपला स्ट्रायकर रॉय कृष्णाला थांबवलं नाही, तो बेंगळुरूकडे गेला, आणि मार्च २०२३ च्या आयएसएल फायनलमध्ये त्याच जुन्या क्लबासमोर उभा राहिला. त्यानं हेडरनं गोलही केला, आणि स्वतःच्या बॉक्समध्ये हँडबॉल करून त्यांना पेनल्टीही दिली. मॅच २-२ झाली, शूटआउटमध्ये मोहन बागान जिंकलं. अशा मॅचमध्ये माणूस सगळीकडे असायला बघतो, कॉर्नरला स्वतःच्या गोलातही. त्याला मागे बोलावू नका, पुढेच ठेवा.

"आमच्याविरुद्ध खेळवायचा नाही" अशी अट जुना क्लब घालू बघतो. उसना दिलेल्या खेळाडूच्या बाबतीत ही पद्धत काही ठिकाणी चालते, पण चेल्सीनं अ‍ॅटलेटिको माद्रिदला उसना दिलेल्या गोलकीपर थिबो कोर्तुआच्या वेळी, २०१४ मध्ये, युरोपची फुटबॉल संघटना युएफानं सरळ सांगितलं की अशी अट चालणार नाही. तो सेमीफायनल खेळला आणि अ‍ॅटलेटिकोनं चेल्सीला त्यांच्याच मैदानावर ३-१ हरवलं. पूर्ण सोडलेल्या खेळाडूबद्दल तर त्यांना बोलायला जागाच नाही. तरी एनओसी अडवून ठेवतात, म्हणून पत्र आधी, पेढे नंतर.

त्या मॅचला त्याला सुरुवातीपासून उतरवा, बाकावरून नाही. बाकावर बसून तो साठ मिनिटं उकळतो आणि आल्या आल्या कार्ड खातो. पिवळं मिळालंच तर वाट न बघता दहा मिनिटांत बाहेर काढा. आणि पेनल्टी मिळाली तर चेंडू त्याच्या हातात देऊ नका, त्यानं कितीही मागितला तरी. समोरच्या गोलकीपरनं दोन वर्षं रोज प्रॅक्टिसनंतर त्याच्याच पेनल्टी अडवलेल्या असतात. कोण मारणार, ते मॅचच्या आधी, बसमध्येच, सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगून ठेवा.